पिग्मीच्या नोंदीला कुलूप आहे, सील नाही

तुमचा प्रश्न असा आहे. निपाणी-चिकोडी भागातल्या एका पतसंस्थेसाठी तुम्ही पिग्मी एजंटांच्या, म्हणजे दारोदार फिरून रोजची बचत गोळा करणाऱ्यांच्या, हातातल्या मशीनचं सॉफ्टवेअर लिहिता. दिवसभरातली प्रत्येक जमा मेमरी कार्डावर एईएस-२५६ या कूटपद्धतीने, सीबीसी मोडमध्ये (सोळा-सोळा बाइटांचे ब्लॉक साखळीने जोडून) एन्क्रिप्ट होऊन राहते आणि संध्याकाळी एजंट शाखेत आला की सर्व्हरवर चढते. तपासणीला आलेल्या माणसाने शेरा मारला, ‘ऑथेंटिकेटेड एन्क्रिप्शन नाही, जीसीएम वापरा.’ म्हणजे मजकूर झाकला जातो, पण त्यात फेरफार झाला का हे तपासलं जात नाही; जीसीएम हा मोड दोन्ही करतो. तुमचं म्हणणं असं की किल्ली २५६ बिटांची आहे आणि ती एजंटाला माहीत नाही. मग तो फाइलमध्ये काय बदलणार? आणि बदललंच, तर उलगडल्यावर कचराच निघेल.

शेरा बरोबर आहे. पण ‘जीसीएम वापरा’ एवढ्यावर विसंबून एका रात्रीत मोड बदललात तर आजच्यापेक्षा वाईट जागी जाऊन पोचाल. मी बेळगावात बरीच वर्षं याच प्रकारच्या मशीनवर काम करतोय आणि या दोन्ही चुका जवळून पाहिल्या आहेत. म्हणून सविस्तर लिहितो.

आधी ‘कचराच निघेल’ हे बघू. तुमच्या नोंदीचा पहिला ब्लॉक बरोबर सोळा बाइटचा आहे: पाच आकडी खाते क्रमांक, तिरकी रेघ, सात आकडी रुपये, टिंब आणि दोन आकडी पैसे. समजा रविवार पेठेतल्या एका दुकानदाराने आज ९५० रुपये भरले. ब्लॉक असा दिसेल:

००४१७/००००९५०.००

यातला ९ हा अकराव्या बाइटवर आहे. मशीनच्या पोटात आकडे आस्कीमध्ये, म्हणजे प्रत्येक चिन्हाला ठरलेल्या क्रमांकाने, असतात. ९ म्हणजे ५७ आणि १ म्हणजे ४९. दोघांत फरक ८ चा, म्हणजे एकाच बिटाचा.

आता सीबीसीमध्ये पहिला ब्लॉक कसा उलगडतो ते आठवा. सर्व्हर एन्क्रिप्ट केलेला ब्लॉक एईएसमधून उलटा काढतो आणि जे येईल त्याची आयव्हीशी, म्हणजे त्या नोंदीसाठी निवडलेल्या सुरुवातीच्या सोळा बाइटांशी, एक्सॉर करतो (बिटाला बिट ताडायचा, वेगळे असतील तिथे १, सारखे असतील तिथे ०). तो आयव्ही तुम्ही प्रत्येक नोंदीच्या आधी उघडा लिहून ठेवता, आणि तो उघडा असायला हरकतही नसते. एजंटाने कार्ड संगणकाला लावलं आणि आयव्हीच्या अकराव्या बाइटातला तेवढा एक बिट उलटवला. एन्क्रिप्ट केलेल्या भागाला हातही लावला नाही. सर्व्हरवर उलगडल्यावर येईल:

००४१७/००००१५०.००

कचरा कुठेच नाही. पॅडिंग (शेवटचा ब्लॉक पुरा करायला घातलेले जादा बाइट) बरोबर, खाते क्रमांक बरोबर, रक्कम तेवढी आठशे रुपयांनी कमी. दुकानदाराच्या हातात ९५० ची पावती आहे, खतावणीत १५० पडले, मधले आठशे एजंटाच्या खिशात. किल्ली त्याला कधीच कळली नाही आणि कळायची गरजही पडली नाही. मूळ रक्कम त्याला ठाऊक होती, कारण ती त्यानेच टाकली होती. आपल्या कामात सगळ्यात आधी हे मनात पक्कं करायला हवं. बहुतेक पुस्तकांत एन्क्रिप्शन हे तिसऱ्या, चोरून ऐकणाऱ्या माणसापासून बचाव म्हणून शिकवतात. पिग्मीत ज्याच्यापासून बचाव करायचा तो मजकूर लिहिणाराच असू शकतो. त्याच्यापुढे गुप्ततेचा काही उपयोग नसतो.

मधल्या ब्लॉकला हात लावला तर मात्र सीबीसीत थोडा कचरा होतो. एन्क्रिप्ट केलेल्या ब्लॉकातला बिट उलटवला की तो ब्लॉक पूर्ण बिघडतो आणि पुढच्या ब्लॉकात नेमका तेवढा बिट उलटतो. तो बिघडलेला ब्लॉक खातेदाराच्या नावावर पडला तर काय होतं, हे आपल्या भागात वेगळं सांगायला नको. नावाच्या जागी चौकोन आणि प्रश्नचिन्हं दिसली की शाखेतला माणूस म्हणतो, ‘कन्नड फाँटचा प्रॉब्लेम आहे,’ आणि नोंद मंजूर करतो. कन्नड आणि मराठी दोन्ही लिपी चालवणाऱ्या संस्थांत असे चौकोन रोजचेच झालेत. म्हणून माणसाच्या डोळ्यांना कचरा ओळखू येईल यावर सुरक्षितता टेकवू नका.

एन्क्रिप्शन म्हणजे कुलूप. आतलं कुणाला दिसू नये एवढंच ते बघतं. पण लिलावाच्या तंबाखूच्या गोदामाला जसं कुलूपही लावतात आणि कुलपावर कापड गुंडाळून लाखेचं सीलही मारतात, तशी इथे दोन वेगळी कामं आहेत. कुणी हात लावला होता का हे सील सांगतं. आपल्या व्यवसायात त्या सीलाला टॅग म्हणतात. किल्लीवाल्यालाच ते मारता येतं आणि किल्लीवाल्यालाच तपासता येतं.

‘नोंदीच्या शेवटी सीआरसी टाकून सगळंच एन्क्रिप्ट केलं तर?’ असंही तुम्ही विचारलंय. सीआरसी म्हणजे मजकुरावरून, किल्लीशिवाय काढलेली तपासणीची संख्या. नको. सीआरसी वायरवरच्या खरखरीने झालेली चूक पकडण्यासाठी आहे, मुद्दाम केलेली नाही. ते रेषीय गणित आहे. मजकुरातले कोणते बिट उलटवले हे कळलं की सीआरसीतले कोणते उलटवायचे हे किल्लीशिवाय काढता येतं. वायफायच्या पहिल्या सुरक्षा योजनेत, डब्ल्यूईपीमध्ये, नेमकं हेच होतं. आरसी-४ या कूटपद्धतीच्या प्रवाहाखाली सीआरसी-३२ ठेवलेलं, आणि २००१ पर्यंत त्याची पुरती वाताहत झालेली होती.

मग खरा मॅक घ्यायचा, म्हणजे किल्ली वापरून काढलेला टॅग, एचमॅक-एसएचए-२५६ सारखा. इथे क्रमाचा प्रश्न येतो. आधी एन्क्रिप्ट करून त्यावर मॅक, की आधी मॅक काढून दोन्ही मिळून एन्क्रिप्ट? हा वाद दिसतो तेवढा किरकोळ नाही. इंटरनेटवरच्या सुरक्षित जोडणीच्या तीन पद्धती बघा: जुन्या एसएसएलने मॅक आधी घेतला, आयपीसेकने एन्क्रिप्शन आधी घेतलं, आणि एसएसएचने उघड्या मजकुराचा मॅक काढून तो एन्क्रिप्ट केलेल्या भागाशेजारी ठेवला. तिन्ही बाजूंना हुशार माणसं होती. २००० साली मिहिर बेल्लारे आणि चानातिप नामप्रेम्प्रे यांनी सिद्ध करून दाखवलं की आधी एन्क्रिप्शन आणि मग त्यावर मॅक, हाच क्रम कुठल्याही चांगल्या भागांनी बांधला तरी खात्रीचा ठरतो. दोनच वर्षांत, २००२ मध्ये, सर्ज वोदने यांनी सीबीसीच्या पॅडिंगवरचा हल्ला मांडला आणि कागदावरचा तो फरक प्रत्यक्षात केवढा महाग पडतो ते दिसलं.

हा हल्ला तुमच्या सर्व्हरवर आजही चालेल. तुम्ही पाठवलेल्या नमुन्यात सर्व्हर दोन वेगवेगळे निरोप देतो: ‘पॅडिंग चूक’ आणि ‘खाते सापडले नाही’. तेवढं पुरतं. हल्लेखोर एखादा ब्लॉक घेतो, त्याच्या आधीच्या ब्लॉकाचा शेवटचा बाइट ० ते २५५ बदलत सर्व्हरला पाठवतो आणि कोणत्या किमतीला ‘पॅडिंग चूक’ येत नाही ते बघतो. त्यावरून मजकुराचा शेवटचा बाइट कळतो. मग त्याच्या आधीचा, मग त्याच्याही आधीचा. एका बाइटाला जास्तीत जास्त २५६ विनंत्या, सरासरी त्याच्या निम्म्या. सोळा बाइटांचा ब्लॉक दोन हजारांच्या आसपास विनंत्यांत उघडा पडतो, तोही किल्लीशिवाय. निरोप एकसारखे केलेत तरी उत्तराला लागणारा वेळ चुगली करतो. २०१३ चा लकी थर्टीन हा हल्ला उत्तराच्या वेळेतल्या फरकावरच चालला आणि २०१४ चा पूडल पॅडिंगवर. टॅग आधी तपासला आणि तो चुकताच नोंद तिथेच टाकून दिली, तर पॅडिंगपर्यंत कुणी पोचतच नाही. क्रमाचं सगळं मोल यात आहे.

तुमच्या मशीनच्या जुन्या मॉडेलात सीबीसीशिवाय दुसरं काही मिळत नसेल, तर एन्क्रिप्ट करून त्यावर एचमॅक हा मार्ग पूर्णपणे इभ्रतीचा आहे. कमीपणा मानू नका. फक्त एन्क्रिप्शनची किल्ली वेगळी आणि मॅकची वेगळी ठेवा, दोन टॅगांची तुलना पहिल्या फरकाला न थांबता पूर्ण करा, आणि मॅकमध्ये आयव्ही घ्यायला विसरू नका. आयव्ही बाहेर राहिला तर वर दाखवलेली ९५० ची १५० अगदी तशीच होईल आणि टॅगही बरोबर येईल. हा विसर मी एकापेक्षा जास्त ठिकाणी पाहिलाय, आणि प्रत्येक वेळी कोड लिहिणाऱ्याला एचमॅक कसा चालतो हे नीट माहीत होतं.

आता तयार मोडांकडे येऊ. दोन भाग हाताने जोडताना लोक चुकतात, म्हणून दोन्ही कामं एकाच पेटीत बसवायची खटपट २००० च्या सुमारास सुरू झाली. आयबीएममधल्या चरणजित जुटला यांनी त्या साली आयएपीएम मांडला. मजकुरावरून एकदाच फिरायचं आणि कुलूप-सील दोन्ही मिळवायचं. पुढच्याच वर्षी फिलिप रोगवे आणि सहकाऱ्यांचा ओसीबी आला, फार देखणा आणि वेगवान. पण दोन्ही पेटंटात अडकले आणि जगाने वळसा घेऊन दुसरे रस्ते काढले. रोगवे यांनी आपली पेटंटं २०२१ मध्ये सोडून दिली, तोवर बाजार जीसीएमचा झाला होता. कामात चांगली असलेली गोष्ट कागदपत्रांमुळे मागे पडते याची मला आजही हळहळ वाटते.

त्या वळशातला पहिला रस्ता सीसीएम, २००२ चा. यात मोजणी मोड, म्हणजे सीटीआर, एका चढत्या आकड्यापासून बिटप्रवाह बनवून त्याने मजकूर झाकतो आणि सीबीसी-मॅक, म्हणजे सीबीसीसारख्या साखळीतून काढलेला मॅक, सील मारतो. दोन्हींसाठी एईएसची एन्क्रिप्ट करण्याची दिशाच लागते, उलटी लागत नाही. एका ब्लॉकाला एईएस दोनदा चालवावं लागतं आणि मजकुराची लांबी आधी माहीत असावी लागते. मोठ्या सर्व्हरवर हे गैरसोयीचं, पण तुमची नोंद मोजून शंभर-सव्वाशे बाइटची आहे. स्वस्त चिपमध्ये एईएसचं हार्डवेअर बहुधा असतंच, त्यामुळे तुमच्या मशीनवर सीसीएम जीसीएमपेक्षा हलका पडू शकतो. डब्ल्यूपीए-२ वायफाय आणि ब्लूटूथ लो एनर्जी दोन्ही त्यावरच चालतात. तपासनीसाला हे सांगा. त्याच्या शेऱ्यातला ‘ऑथेंटिकेटेड एन्क्रिप्शन’ हा शब्द महत्त्वाचा आहे, ‘जीसीएम’ हे त्याचं एक उदाहरण झालं.

जीसीएम डेव्हिड मॅकग्रू आणि जॉन व्हिएगा यांनी २००४ च्या सुमारास मांडला आणि अमेरिकेत प्रमाणं ठरवणाऱ्या एनआयएसटीने २००७ मध्ये तो प्रमाण म्हणून छापला. कुलूप इथेही सीटीआरचंच. सीलासाठी मात्र एईएस चालवत नाहीत. एका गुप्त संख्येने, तिला एच म्हणतात, ब्लॉकामागून ब्लॉक गुणत जातात, १२८ बिटांच्या एका सांत क्षेत्रात, म्हणजे उत्तरही १२८ बिटांतच राहील अशा गणितात. एच म्हणजे शून्यांचा ब्लॉक तुमच्या किल्लीने एन्क्रिप्ट करून आलेली संख्या. गुणाकाराचा शेवट झाला की त्यावर नॉन्सपासून, म्हणजे प्रत्येक नोंदीला एकदाच वापरायच्या आकड्यापासून, बनलेला एक मुखवटा एक्सॉर करून टॅग तयार होतो. संगणकाच्या प्रोसेसरांत २०१० पासून या गुणाकारासाठी खास आज्ञा येऊ लागल्या, म्हणून सर्व्हरवर जीसीएम फार वेगाने चालतो. एसएसएलचा वारस असलेल्या टीएलएसच्या २०१८ च्या १.३ आवृत्तीत सीबीसी पूर्ण काढून टाकलं आणि फक्त अशा एकत्रित योजनाच ठेवल्या.

आता ज्यासाठी एवढं लिहायला बसलो ते. जीसीएमचं सगळं बळ नॉन्सवर उभं आहे. नॉन्स बारा बाइटचा असतो, गुप्त असायची गरज नसते, पण एका किल्लीखाली तो दुसऱ्यांदा कधीही येता कामा नये. आला तर दोन गोष्टी होतात. पहिली अशी की दोन्ही नोंदी एकाच बिटप्रवाहाने झाकल्या गेल्या, त्यामुळे एन्क्रिप्ट केलेल्या दोन नोंदींची एक्सॉर म्हणजेच उघड्या दोन नोंदींची एक्सॉर. एक माहीत असेल तर दुसरी आपोआप उघडी. दुसरी याहून गंभीर. दोन्ही टॅगांवरचा मुखवटाही एकच होता, तो एक्सॉरमध्ये उडून जातो आणि एच हे एकच अज्ञात असलेलं समीकरण उरतं. ते सोडवून एचच्या मोजक्या शक्यता मिळतात. एच हाती लागला की हल्लेखोर स्वतः सील मारू शकतो. हे आंत्वान जू यांनी २००६ मध्येच, म्हणजे प्रमाण छापायच्या आधी, लिहून कळवलं होतं. आणि हे फक्त सिद्धांतात राहिलं नाही. २०१६ मध्ये संशोधकांनी इंटरनेट चाळून नॉन्स पुन्हा वापरणारे १८४ एचटीटीपीएस सर्व्हर दाखवून दिले.

आमच्या हातून हे कसं घडलं ते सांगतो. खानापूर तालुक्यातल्या एका संस्थेचं काम होतं. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला मोबाइलला रेंज नसते आणि पावसाळ्यात वीज दोन-दोन दिवस नसते, म्हणून मशीन पूर्ण ऑफलाइन चालायला हवं होतं. जीसीएम घेतला. नॉन्स घड्याळातून बनवला, सेकंदापर्यंतची वेळ. सगळ्या मशीनमध्ये किल्ली एकच, कारण शाखेत एक मशीन बिघडलं तर दुसरं उचलून द्यायला सोपं. त्या वेळी हे सगळं आम्हाला समजूतदारपणाचं वाटलं होतं.

पावसाळा संपता संपता तिकडचे एक एजंटमामा मशीन घेऊन आले. म्हणाले, “हे रोज सकाळी २००० साल दाखवूलालंय हो, पावतीवर तारीख चुकतेय.” मशीनच्या आतला बटणासारखा सेल ओलाव्याने मेला होता. बंद करून चालू केलं की घड्याळ १ जानेवारी २००० ला, मध्यरात्री शून्य सेकंदाला जाऊन बसायचं. आम्ही सेल बदलायला घेतला आणि तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला की तारीख चुकली म्हणजे नॉन्सही चुकला. एजंट दिवसाला दोनशे पावत्या फाडतो, आठ तास म्हणजे २८,८०० सेकंद. मशीन रोज त्याच शून्यापासून मोजायला लागलं तर कुठल्याही दोन दिवसांत एखादी-दुसरी पावती त्याच सेकंदाला येण्याची शक्यता बरीच मोठी. सर्व्हरवरचे सगळे नॉन्स काढून क्रमाने लावले, तर जोड्याच जोड्या निघाल्या. शिवाय सेल चांगला असलेल्या मशीनच्याही निघाल्या, कारण किल्ली एकच आणि खडेबाजारात दोन एजंट एकाच सेकंदाला बटण दाबू शकतात. सुदैवाने कुणी गैरफायदा घेतल्याचं दिसलं नाही. पण त्या रात्री आम्ही सगळ्या किल्ल्या बदलल्या आणि प्रत्येक मशीन परत बोलावलं.

त्यानंतर जे केलं ते तुम्ही पहिल्या दिवशीच करा. प्रत्येक मशीनला स्वतंत्र किल्ली द्या. सर्व्हरवर एक मुख्य किल्ली ठेवायची आणि मशीन क्रमांक घालून एचकेडीएफने (एका किल्लीतून दुसऱ्या काढायची ठरलेली पद्धत) त्या मशीनची किल्ली काढायची. मशीनमध्ये फक्त त्याची स्वतःची किल्ली असेल, मुख्य किल्ली कधीच नाही. नॉन्सचे पहिले चार बाइट मशीन क्रमांक, उरलेले आठ एक चढता आकडा. घड्याळाचा त्यात काही संबंध नको. हा आकडा वापरण्याआधी कायमच्या स्मृतीत लिहिला गेला पाहिजे, वापरल्यानंतर नाही, कारण वीज नेमकी त्या दोन ओळींच्या मध्ये जाते. दर पावतीला लिहून फ्लॅश झिजू नये म्हणून शंभर-शंभर आकडे आगाऊ राखून ठेवा. ‘इथपर्यंत वापरले’ म्हणून ३०० लिहायचं आणि २०१ ते ३०० खुशाल वापरायचे. मध्ये मशीन बंद पडलं तर पुढच्या वेळी थेट ३०१ पासून सुरुवात. काही आकडे वाया जातात, जाऊ द्या. आणि दुरुस्तीत बोर्ड बदलला किंवा स्मृती जुन्या प्रतीवरून भरली, तर त्या मशीनला नवी किल्ली. इथे सबब ऐकू नका.

चढत्या आकड्याऐवजी यादृच्छिक नॉन्स चालेल का? गणित म्हणतं चालेल. एका किल्लीखाली असे २^३२ पर्यंत, म्हणजे सुमारे ४२९ कोटी संदेश एनआयएसटीला मान्य आहेत आणि तुमचा एजंट वर्षाला साठ हजार नोंदी करतो. अडचण दुसरीच आहे. स्वस्त मशीन चालू होतं त्या क्षणी त्याच्याकडे यादृच्छिकता कुठून येणार? रोज सकाळी त्याच बीजापासून सुरू होणारा जनरेटर मी पाहिलाय आणि तो घड्याळापेक्षाही वाईट निघाला.

हे सगळं काटेकोर पाळता येईल याची खात्री नसेल, आणि मशीन दुसऱ्याच्या कारखान्यातून येत असेल तर खात्री नसतेच, तर एईएस-जीसीएम-एसआयव्ही घ्या. मूळ कल्पना रोगवे आणि थॉमस श्रिम्प्टन यांची, २००६ ची, आणि हे रूप २०१९ मध्ये आरएफसी ८४५२ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात आलं. यात आधी संपूर्ण मजकूर आणि नॉन्स यांवरून टॅग काढतात आणि त्या टॅगपासूनच झाकण्याचा प्रवाह सुरू करतात. नॉन्स चुकून पुन्हा आला तरी बाहेरच्याला एवढंच कळतं की दोन नोंदी हुबेहूब एक आहेत की नाहीत. सील खोटं मारता येत नाही. मजकुरावरून दोनदा फिरावं लागतं, पण शंभर बाइटांच्या नोंदीला त्याचं काय! आज मला नव्याने निवडायला सांगितलं, तर ऑफलाइन मशीनसाठी मी हाच निवडेन, आणि तरीही नॉन्सची शिस्त वरच्यासारखीच ठेवेन.

नोंदीचा सगळाच भाग झाकता येत नाही. सर्व्हरला कोणती किल्ली वापरायची हे ठरवायला मशीन क्रमांक उघडा लागतो, शाखा आणि तारीखही लागते. हे उघडं राहिलं तरी सीलाखाली आलं पाहिजे, नाहीतर एका शाखेची नोंद मथळा, म्हणजे हा उघडा भाग, बदलून दुसऱ्या शाखेत ढकलता येईल. सीसीएम, जीसीएम आणि जीसीएम-एसआयव्ही या तिन्ही मोडांत यासाठी वेगळी जागा असते. तिला संलग्न माहिती म्हणतात. ती झाकली जात नाही, पण टॅगमध्ये मोजली जाते. इथे आपल्या सीमाभागातली एक खास अडचण आहे. संलग्न माहितीत गावाचं किंवा शाखेचं नाव घालू नका. १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं. मशीनमध्ये एक नाव आणि सर्व्हरच्या यादीत दुसरं असलं की एकही टॅग जुळणार नाही, कारण एका बाइटाचा फरकही टॅगला खपत नाही. नाव बदललेलं नसलं तरी लिपी फसवते. मराठीतला ‘ऱ’ युनिकोडमध्ये एक अक्षर म्हणूनही लिहिता येतो आणि र खाली नुक्ता देऊनही. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, बाइट वेगळे. संलग्न माहितीत ठरावीक लांबीचे आकडी कोडच ठेवा. ठरावीक लांबी यासाठी की १२ आणि ३ जोडून १२३ होतात, तसे १ आणि २३ जोडूनही होतात.

खातेदाराचं नाव नोंदीतून काढूनच टाका, खाते क्रमांक पुरे आहे. हे मोड मजकुराची लांबी लपवत नाहीत. युनिकोडच्या यूटीएफ-८ साठवणीत देवनागरी आणि कन्नड दोन्हीत एका अक्षरचिन्हाला तीन बाइट लागतात, त्यामुळे नावाच्या लांबीवरून छोट्या गावात माणूस ओळखणं अवघड नसतं.

टॅग पूर्ण सोळा बाइटचा ठेवा. बारा बाइट नॉन्स आणि सोळा बाइट टॅग मिळून नोंदीमागे २८ बाइट वाढतात, दोनशे नोंदींना ५,६०० बाइट. यात काटकसर करण्यासारखं काही नाही, आणि जीसीएममध्ये टॅग छाटला की सील अपेक्षेपेक्षा जास्त वेगाने कमजोर होतं.

सर्व्हरच्या बाजूला एक गोष्ट स्वतः डोळ्यांनी तपासा. ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या तयार लायब्ररीत उलगडलेला मजकूर आधी हातात येतो आणि टॅग बरोबर की चूक हे शेवटच्या पायरीत कळतं. त्या शेवटच्या पायरीचं उत्तर न बघता मजकूर पुढे ढकलणारा कोड सुरळीत चालतो, वर्षानुवर्षं चालतो, आणि त्याला सील असून नसल्यासारखं असतं. जावात टॅग चुकला की अपवाद फेकला जातो, तर तिथे तो पकडून नुसता लॉगमध्ये लिहून पुढे जाणारे असतात. टॅग चुकला म्हणजे नोंद नाहीच. ती रोजकीर्दीत जाता कामा नये, अर्धीही नाही.

आणि एक काम कुठलाच मोड करत नाही. कालचीच खरी, सीलबंद नोंद आज पुन्हा पाठवली तर टॅग बरोबरच येणार. एखादी नोंद कार्डावरून पुसून टाकली तर बाकीच्यांचे टॅगही बरोबरच येणार. त्यासाठी संलग्न माहितीत प्रत्येक मशीनचा अखंड नोंद क्रमांक ठेवा. हा नॉन्सच्या आकड्यापासून वेगळा, कारण तिथे मुद्दाम खड्डे पडतात. सर्व्हरने आलेला क्रमांक दुसऱ्यांदा घेऊ नये, आणि मधला क्रमांक गायब असेल तर दिवसाचा मेळ बंद करू नये. एजंट म्हणेल मशीनने खाल्ली. तेव्हा पावतीचं स्थळप्रत पुस्तक मागायचं, जसं मशीन यायच्या आधी मागत होतो.

मशीन बदलायला तुम्हाला दोन-तीन महिने लागतील आणि तोवर सर्व्हरला जुन्या सीबीसी नोंदीही घ्याव्या लागतील. नोंदीच्या सुरुवातीला एक आवृत्तीचा बाइट घाला आणि नव्या नोंदीत तो संलग्न माहितीत मोजा. पण तेवढं पुरणार नाही. नवं मशीन घेतलेला एजंट जुन्या पद्धतीची नोंद पाठवून सील टाळू पाहील. म्हणून सर्व्हरवर मशीननिहाय लिहून ठेवा की अमुक मशीन नव्या पद्धतीवर आलं, आणि त्या दिवसापासून त्याची जुनी नोंद स्वीकारू नका.

पहिलं नवं मशीन हातात आलं की शाखेत देण्याआधी त्यावर चार पावत्या काढा. कार्ड संगणकाला लावा आणि एका नोंदीत आयव्हीच्या जागी आलेल्या नॉन्सचा, दुसरीत मजकुराचा, तिसरीत मथळ्याचा एकेक बिट उलटवा. चौथी तशीच ठेवा, पण दोनदा पाठवा. सर्व्हरने चौथी एकदाच घेतली पाहिजे, बाकी तिन्ही नाकारल्या पाहिजेत, आणि तिन्ही वेळा एकच निरोप आला पाहिजे. मग मशीन उघडा, घड्याळाचा सेल काढा, बॅटरीही काढा, दहा मिनिटं तसंच ठेवून परत चालू करा आणि पाचवी पावती काढा. तिचा नॉन्स पहिल्या चारांपेक्षा मोठा असला पाहिजे. तो तसा नसेल तर मशीन देणाऱ्याला परत करा.